माती हाडांचं काय करते

एखाद्या जागी हाडं सापडली नाहीत, म्हणून तिथे माणूस नव्हता असं म्हणणं घाईचं ठरेल. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची दोनशेहून अधिक दफनं घरांच्या जमिनीखाली मिळाली. त्यांत मातीच्या रांजणांत ठेवलेली तान्ही मुलंही होती. इतकी कोवळी हाडं टिकली, यात कोरड्या हवेचा आणि चुनखडीयुक्त मातीचा मोठा वाटा आहे. हाडाचा कणा म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज. आम्लयुक्त पाणी ते विरघळवतं, चुना आम्लाला मारतो.

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मुळशीतल्या लवासाच्या डोंगरांत, चित्र उलटं आहे. दर पावसाळ्यात धो धो पाणी जमिनीतून झिरपतं, क्षार वाहून नेतं आणि माती आम्लधर्मी होत जाते. उरलेलं काम सूक्ष्मजीव आणि मुळं करतात. पुरलेली हाडं इथे इनामगावाइतकी टिकतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

कुणी म्हणेल, आपल्याकडे दहनाची रीत, मग हाडं राहणार कशी? पण कडक आचेत पांढरंफटक झालेलं हाड आम्लधर्मी मातीत कच्च्या हाडापेक्षा जास्त तग धरतं. दलदलीत प्रेतं टिकतात, हा आक्षेपही अपुरा आहे: युरोपातल्या आम्लधर्मी दलदलींत कातडी राहते, हाडं मात्र अनेकदा मऊ पडतात किंवा विरघळतात. म्हणून सह्याद्रीत प्राचीन वस्ती शोधताना खापरं, दगडी हत्यारं आणि मातीतलं फॉस्फेट आधी तपासायला हवं.