नवऱ्याच्या मामामागे उभं राहू नका

वसई-विरारमध्ये नोकरी न धरता फक्त व्हिडिओ शूटिंगवर घर चालवायचं, तर भिंतीवर दोन कॅलेंडरं हवीत. एक पंचांगाचं, दुसरं चर्चचं. पौषात आमच्या विरारचे हॉल ओस असतात, पण नाताळ उरकला की पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल इकडे ख्रिस्ती लग्नांचा बँड वाजू लागतो. राखेच्या बुधवारी ती लग्नं थांबतात, तोवर माघ-फाल्गुनाचे मुहूर्त हाताशी आलेले असतात. ईस्टरनंतर पुन्हा दोन्हीकडे धावपळ. एकाच समाजाची कामं धरणारा निम्मं वर्ष बॅटऱ्याच चार्ज करत बसतो.

चर्चमध्ये आधी फादरांना भेटून उभं राहायची जागा ठरवायची. मिस्सा चालू असताना वेदीसमोर फिरायचं नाही. हॉलमध्ये ही सोय नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट निघाला, की मामा, करवल्या आणि मोबाइलवाले सगळे एकदम पुढे. म्हणून मंगलाष्टकं सुरू होतानाच मी भटजींच्या खांद्यामागे जागा धरतो. भटजींना कोणी ढकलत नाही! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं. नाहीतर ट्यूबलाइटखाली नवरीच्या शालूवर पट्टे सरकतात आणि ते एडिटिंगला नीटसे जात नाहीत.

‘एका दिवसाचे एवढे?’ हे ठरलेलं वाक्य. दिवस एकच, पण ४के चित्रण १०० मेगाबिटने केलं तर तासाला ४५ जीबी भरतात, कॅमेरे दोन, शिवाय सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. पुढचं एडिटिंग कोणाला दिसत नाही. म्हणून बुकिंगला ॲडव्हान्स, हळदीच्या दिवशी मोठा हप्ता आणि उरलेले फिल्म हातात देण्याआधी.

चातुर्मासात मी नायगावच्या सिरियलच्या सेटवर दुसऱ्या कॅमेऱ्याला उभा राहतो. पगार दिवसावर, पण हातात यायला महिने लागतात; त्यापेक्षा बिल्डरचे सॅम्पल फ्लॅट बरे.

एक गोष्ट मात्र कागदावर हवीच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक गिऱ्हाईक, वेगळा करार नसेल तर. हायलाइट इन्स्टाग्रामवर टाकायची, तर पावतीवर तशी ओळ लागते. माझी ओळ मराठीत असते, कारण सही बहुतेक वेळा मुलीचे वडील करतात.