पात्याचं पाणी उतरू न देता

पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेली सुरी हाती लागली की मी आधी पाठीवरून नजर फिरवतो. पाठ सरळ आहे का, गंजाने खोल खड्डे पाडलेत का आणि धारेलगत निळा-जांभळा पट्टा दिसतोय का, एवढंच बघायचं. तो पट्टा दिसला तर सुरी परत ठेवतो. कोणीतरी ती ग्राइंडरवर दाबून धरलेली असते. पोलाद निळं पडलं म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास तापलं, आणि लोहाराने पाजलेलं पाणी तिथून उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

घरी आणल्यावर लाल गंज काढायचा, काळा थर राहू द्यायचा. कैरी चिरली की विळीचं पातं काळं पडतं, तसलाच हा थर. तो पात्याचा शत्रू नव्हे. चकचकीत करायच्या हौसेपायी लोक तो खरवडून काढतात, मला ते पटत नाही. लाल गंजासाठी पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवायचं, मूठ मात्र बाहेर. दर अर्ध्या तासाने काढून तारेच्या घासणीने घासायचं; रात्रभर विसरलात तर आम्ल चांगलं पोलादही खातं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा. चहा ठेवून येतो म्हणालात तर परत येईपर्यंत पात्यावर नारिंगी झाक आलेली असते.

मूठ लाकडी आणि शाबूत असेल तर तिला जवसाचं तेल पाजा. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट होतं. तेलाचा बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

धार लावायला दोन बाजूंचा साधा कार्बोरंडमचा दगड पुरतो. पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंटिमीटर वर धरा, म्हणजे कोन १५ अंशांच्या जवळ येतो. जाड्या बाजूवर एकाच कडेने घासत राहायचं, दुसऱ्या कडेला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. ती खरखर टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की मगच पातं उलटायचं. घाई होते ती इथेच. शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने दोन्हीकडून.

आता म्यान. त्याला कोल्हापुरी चपलेचं चामडं उत्तम: बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं, सुमारे ३ मिलिमीटर जाड. पाण्यात भिजवलं की ते मऊ होतं, सुरीभोवती दाबाल तो आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. बॅगांचं क्रोमने कमावलेलं चामडं असा आकार धरत नाही. दाबण्याआधी पातं प्लास्टिकमध्ये गुंडाळा. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळी शाई होते, आणि चामड्यावरचा तो डाग जात नाही.

रापीने कापताना धारेच्या बाजूला चामड्याचीच एक पट्टी मध्ये घालायची. ती नसेल तर सुरी आत सरकवताना पहिल्यांदा टाके कापते. माझं पहिलं म्यान असंच उसवलं. आरीने ५ मिलिमीटरवर भोकं पाडा, दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या, मेणावरून ओढा आणि दोन्ही टोकांना सुई ओवा. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी पुढचे सुटत नाहीत. मशीनच्या शिवणीत ही खात्री नसते.

म्यान सावलीत दोन दिवस वाळू द्या. आणि एवढं करूनही सुरी त्यात कायमची ठेवू नका. चामडं ओल धरतं, पावसाळ्यात तर फारच. म्यान फक्त नेण्या-आणण्यासाठी. एरवी सुरी पुसून, तेलाचं बोट फिरवून कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवायची.