जेवणाच्या सुट्टीत उमटलेली शिखरं

१९७३च्या शरदात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बॅटल क्रीकजवळच्या एका गोठ्यात गाईंनी खाणं टाकलं. दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढू लागले. मालक रिक हॅल्बर्ट रसायन अभियांत्रिकी शिकलेला. त्याचा संशय खुराकावर. नमुने घेऊन त्याने एकेका प्रयोगशाळेचे उंबरठे झिजवले. कुठेच काही सापडेना.

अखेर आयोवातल्या एम्स इथल्या पशुरोग प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ चालू ठेवूनच मंडळी जेवायला गेली. या यंत्रात नमुन्याची वाफ लांब नळीतून जाते; हलके रेणू झटकन बाहेर पडतात, जड रेंगाळतात आणि प्रत्येकाचं कागदावर एक शिखर उमटतं. जेवून येऊन पाहतात तर कागदावर नवीच शिखरं! एरवी यंत्र बंद होऊन गेल्यावरच पोचले असते, इतके जड रेणू नळीतून सावकाश चालत आले होते.

ते कोणाचे, याचा माग लागला ब्रोमीनमुळे. आणि इथे मी दर वेळी थबकते. निसर्गात ब्रोमीनचे अणू दोन वजनांचे, ७९ आणि ८१, जवळजवळ निम्मे-निम्मे. म्हणून रेणूत एकच ब्रोमीन असेल तर रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर सारख्या उंचीची जुळी शिखरं उभी राहतात. सहा असतील तर सात शिखरांची रांग: मधलं सर्वांत उंच, दोन्हीकडे उतरती भाजणी. सहा नाणी पुन्हापुन्हा उडवली तर किती वेळा किती छापे पडतील, अगदी तोच हिशेब! अणूंची ही सही खोटी करता येत नाही.

१९७४च्या वसंतात अमेरिकेच्या कृषी खात्यातले जॉर्ज फ्राइज यांनी पदार्थ ओळखला: पीबीबी, प्लास्टिक पेटू नये म्हणून घालायचं रसायन. ज्योत जिवंत राहते ती हायड्रोजनच्या सुट्या, धावऱ्या अणूंवर. तापल्यावर पीबीबीतून सुटलेला ब्रोमीन त्यांना पकडतो, जोडीने बांधतो आणि पुन्हा मोकळा होऊन पुढच्याला धरतो. मूठभर ब्रोमीन आगीची साखळी तोडतो.

एकाच कारखान्यात हे ‘फायरमास्टर’ बनत होतं आणि गुरांसाठीचं मॅग्नेशियम ऑक्साइड, ‘न्यूट्रिमास्टर’ही. पोत्यांची अदलाबदल झाली. सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या माराव्या लागल्या. तोवर दूध, मांस, अंडी घरोघरी पोचली होती.

सहज न मोडणारा हा रेणू शरीरालाही मोडता येत नाही. तो चरबीत मुक्काम ठोकतो. गर्भातून आणि अंगावरच्या दुधातून तो पुढच्या पिढीत गेला. त्या घोळानंतर कित्येक दशकांनी एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी मिशिगनच्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हाही पीबीबी तिथेच होतं.