तेहरानचे ओलीस

रामायणातली गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मारुती लंकेत सापडला. रावण म्हणाला, याला मारून टाका. तेव्हा बिभीषण मध्ये पडला. तो म्हणाला, हा दूत आहे, दूताला मारू नये. रावणाने शेपूट पेटवले ते पेटवलेच, पण मारुतीचा जीव घेतला नाही. इतकी ही चाल जुनी आहे.

आजही देशादेशांत ती पाळतात. एका देशाचे वकील दुसऱ्या देशाच्या राजधानीत राहतात. हे कोर्टातले वकील नव्हेत. आपल्या सरकारच्या वतीने बोलणारे हे अधिकारी. त्यांच्या कचेरीला वकिलात म्हणतात. १९६१ साली व्हिएन्ना शहरात अनेक देशांनी जमून याचे नियम लिहून काढले. वकिलातीच्या आवारात तिथल्या पोलिसानेही विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. वकिलाला अटक करायची नाही. तो नकोसा झाला, तर त्याला परत धाडता येते. कोंडून ठेवता येत नाही.

१९७९ साली इराण देशात हा नियम मोडला गेला. असे का झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

इराण पाकिस्तानच्या पश्चिमेला आहे. राजधानी तेहरान. तिथे जमिनीत खनिज तेल आहे. पूर्वी ते एक इंग्रज कंपनी काढत असे. १९५१ साली मोसादेघ हे पंतप्रधान झाले. त्यांनी तेल देशाच्या मालकीचे केले. १९५३ साली अमेरिका आणि इंग्लंड यांच्या गुप्त खात्यांनी कट करून त्यांना खाली खेचलं. सत्ता राजाच्या मुठीत आली. तिथे राजाला शहा म्हणत. शहाचे गुप्त पोलीस विरोध करणाऱ्याला पकडून त्याचे हाल करीत. लोक गप्प बसले, पण विसरले नाहीत.

१९७९ च्या जानेवारीत लोकांच्या उठावापुढे शहा देश सोडून गेला. फेब्रुवारीत धर्मगुरू आयातुल्ला खोमेनी परदेशातून परत आले. आता त्यांचा शब्द चालू लागला. ऑक्टोबरात अमेरिकेने शहाला औषधपाण्यासाठी आपल्याकडे घेतले. त्याला कर्करोग होता. पण इराणात लोकांना वाटले, हा १९५३ चाच डाव पुन्हा मांडला आहे.

४ नोव्हेंबर १९७९ ला विद्यार्थ्यांचा जमाव अमेरिकन वकिलातीत घुसला. ६६ माणसे धरली गेली. काहींचे डोळे बांधून त्यांना लोकांपुढे फिरवले. मागणी एकच, शहाला आमच्या हवाली करा. सावकाराकडे दागिना गहाण पडतो, तशी ही माणसे अडकली. अशा माणसाला ओलीस म्हणतात.

पोरांनी परक्याचे घर बळकावले, तर घरच्या वडील माणसाने त्यांना बाहेर काढायला हवे. इथे खोमेनींनी त्यांची पाठ थोपटली. इराणी लोकांचे दुःख खरे होते. पण कट केला होता १९५३ च्या पुढाऱ्यांनी. कोंडले ते १९७९ चे अधिकारी, कारकून आणि पहारेकरी. हा काही न्याय नव्हे.

थोड्याच दिवसांत १३ जणांना सोडले. त्यांत स्त्रिया आणि काळ्या वर्णाचे लोक होते. पुढे एका आजारी माणसाला सोडले. उरले ५२.

अमेरिकेचे अध्यक्ष तेव्हा जिमी कार्टर होते. त्यांनी इराणचे तेल घेणे थांबवले. अमेरिकेच्या बँकांतला इराणचा पैसा अडकवून ठेवला. महिन्यामागून महिने गेले, पण सुटका नाही. अमेरिकेत लोक विचारू लागले, एवढी मोठी फौज काय कामाची? परराष्ट्र मंत्री सायरस व्हान्स म्हणत होते, बळ वापरू नका, माणसे जिवानिशी जातील. कार्टरांनी फौज पाठवायचे ठरवले. व्हान्स यांनी मोहिमेआधीच राजीनामा लिहून दिला.

बेत असा होता. हेलिकॉप्टरे अरबी समुद्रातल्या जहाजावरून निघतील. हा आपल्या कोकणाला लागतो तोच समुद्र. मोठी विमाने सैनिक आणि इंधन घेऊन ओमानच्या मसिरा बेटावरून येतील. इराणच्या वाळवंटात, तबस गावाकडे, रात्री सगळे एकत्र जमतील. हेलिकॉप्टरे इंधन भरून सैनिकांना तेहरानजवळ नेतील. दिवसभर लपायचे आणि दुसऱ्या रात्री वकिलातीवर छापा घालायचा. कागदावर सगळं ठीक दिसत होतं. निदान ६ हेलिकॉप्टरे चालू हवीत, असा हिशेब होता. म्हणून ८ धाडली.

२४ एप्रिल १९८० ची रात्र. एका हेलिकॉप्टरच्या पात्याला तडा गेल्याची खूण दिसली. ते वाटेतच सोडले. उरली ७. पुढे पिठासारखी बारीक धूळ हवेत भरून राहिली होती. तिच्यात समोरचे दिसेना. एक हेलिकॉप्टर मागे फिरले. उरली ६. ती उशिरा पोचली, आणि त्यांतल्या एकाचा पंप बिघडला. उरली ५.

इकडे वाळवंटात निराळाच घोळ. ज्या जागी चिटपाखरू नसेल असे धरले होते, तिथून रस्ता जात होता! उतारूंनी भरलेली बस आली. ती अडवून ठेवावी लागली. मागून तेलाचा ट्रक आला. त्याला सैनिकांनी आग लावली. उजेड दूरवर दिसत राहिला.

पाचांवर भागणार नव्हते. परत फिरा, असा हुकूम आला. निघण्याआधी एक हेलिकॉप्टर जागेवरून हलवायला वर उचलले. धुळीचा लोट उठला. चालवणाऱ्याला काही दिसेना. फिरते पाते इंधनाने भरलेल्या विमानावर आदळले. भडका उडाला आणि ८ अमेरिकन सैनिक मेले. इराणी फौजेची एक गोळीही सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्टरांनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. इराणने ओलिसांना निरनिराळ्या गावी पांगवून ठेवले. पुन्हा छापा घालण्याची सोय उरली नाही.

मग बोलणी हाच मार्ग राहिला. पण इराण अमेरिकेसमोर बसायला तयार नव्हता. तेव्हा अल्जेरिया देशाचे अधिकारी मध्यस्थ झाले. सोयरिकीत मध्यस्थ दोन्ही घरी फेऱ्या घालतो, तसे ते निरोप नेत आणि आणत. दरम्यान दिवस पालटले होते. जुलै १९८० मध्ये शहा इजिप्तमध्ये वारला. सप्टेंबरात इराकने इराणवर चढाई केली. लढाईला पैसा लागतो, आणि इराणचा पैसा अमेरिकेत अडकलेला! नोव्हेंबरात कार्टर निवडणूक हरले.

१९ जानेवारी १९८१ ला करार झाला. इराणच्या कारभारात हात घालणार नाही, असे अमेरिकेने कबूल केले. सुमारे ८०० कोटी डॉलर मोकळे झाले. त्यांतला मोठा भाग जुन्या कर्जापोटी कापला गेला. पैशाच्या बाकी तंट्यांसाठी हेग शहरात पंच बसवले.

दुसऱ्या दिवशी नवे अध्यक्ष रेगन यांनी शपथ घेतली. त्यानंतर काही मिनिटांतच ५२ जणांना घेऊन अल्जेरियाचे विमान तेहरानहून उडाले. ४४४ दिवस झाले होते. त्या वकिलातीच्या इमारतीत इराणने पुढे संग्रहालय केले. अमेरिकेचा वकील तिथे पुन्हा गेलेला नाही.