ऊसतोड स्थलांतर आणि माध्यमिक विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक

विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर बुद्धिमत्ता, अध्यापन व कौटुंबिक परिस्थिती हे घटक परिणाम करतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद प्रशालांच्या संदर्भात मात्र उपस्थिती या घटकाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. द्वितीय सत्र आणि दहावीची शालान्त परीक्षा नेमकी याच हंगामात येते. गावी मागे राहिलेल्या मुलींवर स्वयंपाकाची व धाकट्या भावंडांची जबाबदारी पडते. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वयोगटापुरता असल्याने त्याचे संरक्षण नववीच्या उंबरठ्यावर संपते. अतएव गुणांवरून क्षमता ठरविण्यापूर्वी हजेरीपत्रक पाहणे आणि माध्यमिक वर्गांनाही हंगामी वसतिगृहांची खात्रीशीर सोय असणे अगत्याचे आहे.