किल्ली आधी प्रेक्षकाला दिसली पाहिजे

काशिमिऱ्याहून घोडबंदरकडे वळलं की रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या मोठाल्या शेड दिसतात. बाहेरून गोदामं वाटतात. आत पोलीस ठाणी, दिवाणखाने, इस्पितळं उभी असतात. अशाच एका शेडमध्ये धांदरट गुप्तहेराच्या विनोदी रहस्यपटाचं चित्रीकरण मी पाहिलं. कागदावर प्रसंग चार ओळींचा. हेर टेबलाखाली पुरावा शोधतो, उठताना डोकं आपटतं, वरची फुलदाणी पडते, तिच्यातून किल्ली निघते. आणि तो किल्लीवर पाय देऊन पुढे जातो.

एवढ्याला अख्खी सकाळ गेली.

फुलदाणी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची, सहज फुटेल इतकी पातळ. आर्टवाल्यांनी एकसारख्या बऱ्याच करून ठेवल्या होत्या, कारण टेक झाला की एक गेलीच. म्हणून तालमी फुलदाणीशिवाय. टेबलाच्या कडेला आतून फोम लावलेला, तरी नटाचं कपाळ लाल झालं होतं. कंटिन्युइटी सांभाळणारी मुलगी दर टेकनंतर मोबाइलवर फोटो घेई: टाय कुठे वळलाय, किल्लीचे दात कुणीकडे. नुसत्या विनोदी चित्रपटात टायची चूक खपून जाईल. रहस्यपटाचा प्रेक्षक मात्र वस्तूंवरच नजर ठेवून बसलेला असतो. एखादी वस्तू इकडची तिकडे झाली की त्याला तोच पुरावा वाटतो.

आधी पूर्ण खोलीचा मास्टर शॉट, मग किल्लीचा इन्सर्ट, म्हणजे नुसती किल्ली जवळून दाखवणारा शॉट. मॉनिटरपाशी वाद रंगला तो इन्सर्ट किती ठेवायचा यावर. सेकंदाला 24 फ्रेम. आठ कमी पडल्या तर किल्ली नजरेत भरत नाही, आठ जास्त झाल्या तर हसू निवतं.

नटाला सूचना एकच होती: हसवायचं नाही, शोधायचं. मला सगळं मर्म यातच वाटतं. 1963 च्या ‘पिंक पँथर’ चित्रपटापासून पीटर सेलर्सचा धांदरट इन्स्पेक्टर क्लूझो स्वतःला थोर तपासनीसच समजतो. आपल्या दिनेश फडणीसांचा ‘सीआयडी’ मालिकेतला फ्रेडरिक्स घाबरायचा तेव्हा मनापासून घाबरायचा, म्हणून तो इतकी वर्षं घराघरांत आपला वाटला. 2023 च्या डिसेंबरात फडणीस गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखी हळहळ मी आजूबाजूला ऐकली. विनोदी नटाला ही माया उगाच मिळत नाही.

मधेच बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला की साउंडवाला हात वर करी आणि सगळे थांबत. शेवटी टेक ओके झाला, पण किल्लीचा आवाज पोकळ आला. सेटवरची फरशी म्हणजे रंगवलेलं प्लाय. जेवणाच्या सुट्टीत साउंडवाल्यानं तीच किल्ली आणि नटाचा बूट घेतला, मागच्या पडवीतली खरी शहाबादी फरशी गाठली आणि तिथे आवाज पुन्हा रेकॉर्ड केला. दिग्दर्शकानं हेडफोन लावून ऐकला आणि आणखी एकदा घ्यायला सांगितला. किल्ली अजून जरा जड वाजायला हवी होती.