वडीत काय आहे?

कल्पित कथांतील परोपकारी कंपन्यांचे खरे रूप उघडे पडते, ते बहुधा दडविलेल्या कागदांतून. १९७३ च्या ‘सॉयलेंट ग्रीन’ या अमेरिकी चित्रपटात कंपनी भुकेल्या न्यूयॉर्कला सागरी प्लवकांच्या म्हणून हिरव्या वड्या पुरविते. समुद्र निष्प्राण होत असल्याचा अहवाल मात्र दडपला जातो. वड्या असतात मानवी प्रेतांच्या! १९७९ च्या ‘एलियन’मध्ये परग्रहावरील जीव हस्तगत करण्यासाठी खलाशांचे प्राण गेले तरी चालतील, असा पोशिंद्या कंपनीचाच गुप्त आदेश असतो.

वास्तवात असे कागद मागावयाचे कोणी? भारताचा २००५ चा माहिती अधिकार कायदा मुख्यतः सार्वजनिक यंत्रणांना लागू आहे. खासगी कंपनीचे दप्तर थेट त्याच्या कक्षेत येत नाही. अन्नदात्याविषयी कृतज्ञता अवश्य असावी. पण वडीत काय आहे, हे विचारण्याचा हक्क तिच्यापायी गहाण पडू नये.